संत्री, सरकी आणि सांताक्लॉज

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला सगळे धर्म सारखेच प्रिय असतात. सर्वधर्मसमभाव हा शब्द पुढाऱ्यांनी भाषणापुरता ठेवला. तो खरा पाळतो बँकेतला कारकून. ईद असो, महावीर जयंती असो, गुरुनानक जयंती असो, कॅलेंडरातला आकडा लाल दिसला की आमचे हात आपोआप जोडले जातात. त्यातही नाताळाबद्दल मला खास आदर आहे. आमच्या शाखेच्या कपाटात वाळवीच्या कृपेनं अर्धंमुर्धं उरलेलं कायद्याचं एक जुनं पुस्तक आहे. त्यात १८८१ सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आहे. त्याच्या पंचविसाव्या कलमात सार्वजनिक सुट्टी म्हणजे काय हे सांगताना इंग्रजानं रविवार, नववर्षदिन, गुड फ्रायडे यांच्या जोडीला नाताळ नावानिशी घातला होता. एवढंच नाही, नाताळ रविवारी आला तर सोमवारी सुट्टी, अशीही सोय करून ठेवली होती! पंचवीस डिसेंबरची व्यवस्था पंचविसाव्या कलमात. याला म्हणतात दूरदृष्टी. पुढं आपल्या लोकांनी हे कलम बदललं. आता सरकार जाहीर करील ती सुट्टी, आणि रविवारी बुडाली ती बुडाली. स्वराज्याचे काही तोटेही असतात.

तर सण चांगला. पण सणाचं चित्र मला कधी पटलं नाही. डिसेंबर उजाडला की आमच्या चांदूर बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानांतही बर्फ पडायला लागतो. शुभेच्छापत्रावर बर्फानं झाकलेली घरं, बर्फानं वाकलेली झाडं आणि बर्फातून हरणांची गाडी हाकणारा तो लाल डगल्यातला म्हातारा. आता आमच्या गावात डिसेंबरच्या रात्री गोधडी लागते हे खरं. पण दुपारी पारा अठ्ठावीस-तीस अंशांवर असतो. बर्फ आम्ही पाहतो तो रसवंतीवाल्याकडे, लाकडाच्या भुशात लपेटलेला. अशा गावात चिरंजीवांच्या शाळेतून फर्मान आलं, पाल्यास सांताक्लॉजच्या वेशात पाठवावे. लाल मखमली डगला, काळा पट्टा, गुडघ्यापर्यंत बूट आणि कापसाची दाढी अशा थाटात गेलेले चिरंजीव दुपारी दोनला परत आले, तेव्हा दाढी गळ्याशी आली होती आणि डिंक ओठांवर राहिला होता. सौ.नं त्यांना आधी पंख्याखाली बसवलं, लिंबाचं सरबत पाजलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू सांताक्लॉज माझ्या माहेरचा.

माझ्यातला कॉमर्स ग्रॅज्युएट जागा झाला. व्हाउचरशिवाय नोंद मान्य करायची नाही ही आमची शिकवण. नाताळाच्या खात्यात हा बर्फ कुणी, कधी आणि कशाच्या आधारावर जमा केला, हे तपासायचं मी ठरवलं.

मूळ व्हाउचर म्हणजे बायबल. त्यात बेथलेहेम आहे, गव्हाण आहे, रात्री रानात कळप राखणारे मेंढपाळ आहेत. बर्फ नाही. तारीखसुद्धा नाही! पंचवीस डिसेंबरची सगळ्यात जुनी नोंद सापडते ती रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा बाडात, आणि तीही ३३६ सालचा हवाला देणारी. म्हणजे जन्मानंतर तीनशे-साडेतीनशे वर्षांनी जन्मतारीख लागली. आमच्याकडे शाळेत घालताना मास्तर अंदाजानं एक जून टाकत, त्यातलाच प्रकार. बेथलेहेमला हिवाळ्यात थंडी पडते, पण बर्फ क्वचितच. तो सगळा मुलूख ऑलिव्ह आणि खजुरांचा.

मग तो लाल म्हातारा तपासला. तो तर आमच्याच खात्यातला निघाला! सांताक्लॉज म्हणजे मूळचा संत निकोलस, चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप. हे गाव आजच्या तुर्कस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठी. लिंबू-संत्र्याच्या वर्गातल्या फळांना मानवणारी तिथली हवा. त्याची प्रसिद्ध गोष्ट अशी, की एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यावाचून अडली होती, तेव्हा यानं रात्री गुपचूप सोन्याच्या तीन थैल्या त्याच्या घरात टाकल्या. विलायतेतले गहाणवट धंदेवाले त्याला आपला संरक्षक संत मानतात आणि त्यांच्या दुकानांवरच्या तीन सोनेरी गोळ्यांचं नातं लोक याच गोष्टीशी लावतात. म्हणजे आमच्या सोनेतारण कर्जाच्या टेबलावर खरं तर याचाच फोटो पाहिजे. आणि त्या सोन्याची आठवण म्हणून विलायतेत नाताळाच्या मोज्यात पोरांसाठी काय घालतात? संत्रं! जे आमच्या तालुक्यात बांधाबांधावर लोंबतं, आंबिया बहाराचा हंगाम संपताना व्यापारी ज्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, ते फळ तिकडे वर्षातून एकदा मोज्यातून निघे आणि पोरं ते पुरवून पुरवून खात.

इथवर हिशोबात बर्फ नाही. तो आला एकोणिसाव्या शतकात. १८२३ साली न्यू यॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्रात एक निनावी कविता आली, तिनं निकोलसबाबाला आठ रेनडिअर जोडलेल्या घसरगाडीत बसवलं. १८४३ साली चार्ल्स डिकन्सनं नाताळावरची आपली गोष्ट लिहिली. डिकन्सचं बालपण इंग्लंडातल्या फार थंड वर्षांत गेलं होतं. तो दोन वर्षांचा होता तेव्हा, १८१४ साली, लंडनची थेम्स नदी गोठून तिच्यावर जत्रा भरली होती. लहानपणी जे पाहिलं तेच लेखणीतून उतरलं आणि सगळ्या जगाला वाटलं, नाताळ म्हणजे असाच. डिकन्स आमच्या वऱ्हाडात जन्मला असता तर सांताक्लॉज टोपी-डगल्याऐवजी डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून आला असता.

त्या म्हाताऱ्याला आजचं रूप दिलं ते थॉमस नास्ट या व्यंगचित्रकारानं. त्याचं पहिलं चित्र छापून आलं जानेवारी १८६३ मध्ये. अमेरिकेत यादवी चालू होती, आणि नास्टचा सांताक्लॉज उत्तरेच्या फौजेला भेटी वाटत होता. आता वऱ्हाडच्या माणसानं कान टवकारावेत अशी गोष्ट. त्याच युद्धानं अमेरिकेचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. सांताक्लॉज आणि आमचा कापूस एकाच लढाईत मोठे झाले. फरक इतकाच, की लढाई संपल्यावर भाव उतरला. सांताक्लॉज तेजीतच राहिला.

गाण्यांचा तपास केला तर हसूच येतं. ते घंट्यांचं गाणं, जे चिरंजीवांच्या शाळेत लाउडस्पीकर फुटेस्तोवर वाजतं, ते १८५७ साली छापलं गेलं आणि त्यात नाताळाचा उल्लेखच नाही. ती तरण्या पोरांची गाडीवरची मौज आहे. पांढऱ्या नाताळाचं जगप्रसिद्ध गाणं अर्व्हिंग बर्लिनचं. बिंग क्रॉस्बीनं ते ध्वनिमुद्रित केलं १९४२ च्या मे महिन्यात, लॉस एंजलिसमध्ये. गंमत पुढंच आहे. त्या गाण्याची मूळ सुरुवात बहुतेक गायक गाळून टाकतात. त्या सुरुवातीत काय आहे? लख्ख ऊन आहे, हिरवं गवत आहे, माडाच्या जातीची झाडं आहेत आणि संत्र्यांची झाडं आहेत! संत्र्याच्या झाडाखाली उभा असलेला माणूस बर्फाची आठवण काढतोय, असं ते गाणं आहे. लोकांनी संत्री वगळली आणि बर्फ ठेवला. वऱ्हाडवर अन्याय होतो तो असा सर्वदूर.

हे सगळं मी डबा खाताना ज्यांना ऐकवत होतो, ते आमच्या शाखेचे अकाउंटंट मूळचे वसईचे. बदलीचं खातं मोठं विनोदी असतं. त्यानं समुद्रकाठच्या ख्रिस्ती माणसाला संत्र्याच्या मुलखात आणून टाकलं. माणूस अबोल. माझं सगळं ऐकून घेऊन ते एवढंच म्हणाले, "भाऊ, आमच्याकडे बर्फ फक्त मासळीवर असतो. आणि नाताळ म्हटलं की मला घाम आठवतो. गावच्या चर्चमध्ये मध्यरात्रीच्या मिस्साला एवढी गर्दी, की लग्नातला कोट घालून गेलेला माणूस शर्टावर परत येतो."

त्यांच्या त्या घामाचा इतिहास माझ्या बर्फाच्या इतिहासाहून जुना आहे. नाताळ हा शब्दच बघा. तो पोर्तुगीजांचा, त्याचा अर्थ जन्म, जयंती. वास्को द गामा हिंदुस्थानचा रस्ता शोधत निघाला, तेव्हा १४९७ च्या पंचवीस डिसेंबरला तो आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळ होता. म्हणून त्यानं त्या किनाऱ्याला नाव दिलं नाताळ. गांधीजींनी पुढं जिथं वकिली केली तो नाताळ हाच. विषुववृत्ताच्या खाली डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. जगाच्या नकाशावर ख्रिसमस या नावाची दोन ठळक बेटं आहेत. एक हिंदी महासागरातलं, १६४३ च्या नाताळाच्या दिवशी इंग्रज कप्तानाला दिसलेलं. दुसरं पॅसिफिकमधलं, १७७७ साली नाताळाच्या आदल्या दिवशी कप्तान कुकला लागलेलं. दोन्ही उष्ण कटिबंधातली. पहिल्या बेटावर पावसाळ्याच्या तोंडाला लक्षावधी लाल खेकडे रानातून समुद्राकडे निघतात आणि त्यांच्यासाठी रस्ते बंद ठेवतात. नाताळात लाल डगला घालून फिरण्याचा खरा मान त्यांचा. बर्फाळ मुलखात या नावाचं गाव असेलही, पण बेटांनी नाव घेतलं ते उन्हात बसून.

आणि वसई? खाड्यांनी वेढलेल्या या तुकड्याला जुन्या कागदांत बेटच म्हटलंय. गुजरातच्या बहादूरशहानं ते पोर्तुगीजांना दिलं, तो तह झाला २३ डिसेंबर १५३४ रोजी. दोन दिवसांनी नाताळ! म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा घामाचा नाताळ डिकन्सच्या गोष्टीपेक्षा तीनशे वर्षांनी वडील आहे. त्या काळात धर्म कोणी श्रद्धेनं बदलला, कोणी पोटासाठी, कोणी जमिनीसाठी, तर कोणी धाकानं. याचा ताळेबंद आता कोणत्याच बँकेत जुळणार नाही. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसलं. १७३६ च्या फतव्यात तर ख्रिस्ती झालेल्यांनी अंगणात तुळस लावू नये, धोतर नेसू नये, इथवर बारकावे होते. पण बायकांच्या कढईत काय तळलं जातं, तिथं कोणाचा फतवा चालत नाही. गोव्याच्या नाताळातली नेवरी म्हणजे आपली करंजी, आमच्या वऱ्हाडातला कानोला. नारळ, गूळ आणि तांदळाचं पीठ यांनी पोर्तुगीजांना कधीच जुमानलं नाही.

त्याच गोव्यात एक इंग्रजही येऊन राहिला, फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ साली आलेला हा माणूस पक्का थंड देशाचा; त्याला बर्फ आणायचाच असता तर त्यानं आणला असता. त्यानं काय केलं? मराठी शिकला आणि ख्रिस्ताची सगळी कथा ओवीत लिहिली. १६१६ साली छापलेल्या या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय. देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते म्हणून पुस्तक रोमन लिपीत छापलं, पण बोललं ते मराठीत. पुढं नारायण वामन टिळकांनी ख्रिस्त अभंगात आणला. त्यांनी सुरू केलेलं ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. विठोबासमोर वाजणारी टाळ-मृदंगाची जोडी ख्रिस्ताच्या भजनालाही चालली, तिनं कुठं कुरकूर केली नाही.

१७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली. ख्रिस्ती रयत आपला धर्म पाळत तिथंच राहिली. पण किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकला रामकुंडाजवळच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा अशीच पोर्तुगिजांची. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. कधी काळी ज्यांनी नाताळाची मध्यरात्र वाजवली, त्या आज महादेवाला जागं करतात. हे मी सांगितलं तेव्हा अकाउंटंटसाहेब म्हणाले, "मी नाशिकला असताना ती घंटा पाहायला मुद्दाम गेलो होतो. हात लावला. वाजवायचा मात्र धीर झाला नाही." यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही, म्हणून मी त्यांना लोणचं वाढलं.

समुद्रापलीकडे मॉरिशसला तर मराठी माणसं दोनएकशे वर्षांपूर्वीपासून उसाच्या मळ्यांत गेली. तिथं गणेशचतुर्थीलाही सुट्टी आणि नाताळालाही. (बदली मागावी तर अशा ठिकाणी!) तिथल्या नाताळाचं झाड म्हणजे गुलमोहोर, आमच्याकडे मे महिन्यात डोकं तापल्यावर जो फुलतो, तो तिथं डिसेंबरात लाल होतो.

वऱ्हाडात नाताळ आला तो साहेबाच्या घोड्यावर बसून. परतवाड्याला, म्हणजे जुन्या एलिचपूरच्या छावणीत, हैदराबाद कंटिंजंटची पलटण असे. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभारच इंग्रजांच्या हाती आला. साहेबाला नाताळात 'डाली' देण्याची चाल तेव्हा हिंदुस्थानभर होती. टोपलीत फळं, मेवा, मिठाई. आणि फळांच्या खाली एखादी बाटली. सरकारनं नियम केला, की नोकरांनी फुलाफळांपलीकडे भेट घेऊ नये. नियमात फळं बसत होती, म्हणून बाटली फळांखाली गेली. नियमाच्या पोटात अपवाद कसा ठेवायचा हे आपला कारकूनवर्ग बहुधा तिथंच शिकला. छावणी गेली, डाली गेली. मागं राहिली ती मिशनची माणसं. मेळघाटात कोरकूंमध्ये राहणाऱ्या जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्यानं १९०३ साली कोरकू भाषेचं व्याकरण छापलं. ज्या भाषेत बर्फाचं काही कामच पडत नाही, तिचंही व्याकरण असतं हे त्यानं दाखवलं.

बाकी आमच्या तालुक्याला डिसेंबरच्या शेवटी नाताळ आठवायला फुरसत नसते. विसाच्या सुमारास बहिरमची यात्रा लागते. हंडीतलं मटण, रोडगे, वांग्याची भाजी. गोवऱ्यांच्या धुरात डोळे चोळत खायचं. यंदा पंचवीस तारखेला आम्ही चौघं स्टाफमधले तिकडे जायचं ठरवत होतो. अकाउंटंटसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "नको. ऑक्टोबरात आई गेली. यंदा घरी काही गोडधोड करायचं नाही, वसईलाही जाणार नाही. तिच्याशिवाय त्या घरात... पुढल्या वर्षी बघू." त्यांची आई लाल लुगडं नेसायची, पहाटे फुलांच्या टोपल्या विरार लोकलनं मुंबईला न्यायची आणि नाताळाआधी आठवडाभर घरात कोणाला कढईजवळ येऊ द्यायची नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षं शेजारी बसतो आम्ही.

घरी सांगितलं. सौ. म्हणाली, "अहो, मग त्यात विचारायचं काय? दुखवट्याच्या घरी दिवाळीचं शेजाऱ्यांनीच द्यायचं असतं." तिनं कानोले केले, अनारसे केले. गोव्यातही हीच रीत आहे. ज्या घरात सुतक, त्या घरी शेजारचं ताट जातं. चोवीस तारखेला संध्याकाळी डबा घेऊन आम्ही त्यांच्या बिऱ्हाडी गेलो. बरोबर आमचा शिपाईही होता. त्यानं शेतातली पिशवीभर संत्री आणली होती.

साहेबांच्या दोन पोरांनी व्हरांड्यात गोठा मांडला होता. वसईला भाताचा पेंढा असतो, इथं कुठून आणणार? पऱ्हाटीच्या काड्यांच्या भिंती, वर ज्वारीचा कडबा, बैलजोडी पोळ्यातली मातीची. वर टांगलेला तारा म्हणजे आमच्याच गल्लीतला दिवाळीचा आकाशकंदील, नुसता कागद बदललेला. संत्री गोठ्यासमोर ओळीनं ठेवली. साहेबांनी कानोल्याचा तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, आईच्या करंजीत वेलची जास्त असायची." सौ. म्हणाली, "पुढल्या वर्षी घालते."

एवढ्यात धाकट्या पोराला चित्रातला नाताळ आठवला. "काका, छपरावर कापूस टाकू या ना, बर्फासारखा!" शिपायानं पोराच्या हातातला कापसाचा पुंजका काढून घेतला, त्यातली सरकी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाला, "नको ना बाप्पा. मावशीले त्याच्या वाती करून दे. देवाच्या लेकराले काहून थंडीत निजवतं?"